गोड्या पाण्याचं पिंप

डॉक्टरीणबाईंनी कागदावर वाकडी नळी काढली. “हिराजी, किडनीत अशा लाखो नळ्या असतात. लागेल तेवढं मीठ ठेवून जादाचं मीठ आणि आम्ल त्या लघवीत सोडतात. तुमच्या नळ्या करपल्यात.”

“तीस वर्षं मिठागरात मीठच ओढलं, बाई.”

“उन्हात पाणी प्यायचात?”

“शेठकडं गोड्या पाण्याचं पिंप मागायचो. म्हणायचा, समोर अख्खा समुद्र आहे की, पी.”

बाई हसल्या नाहीत. “आता दिवसाला दोनच पेले. जास्त प्यालात तर पाणी छातीत भरेल.”

घरी पोचला तर बायको हरखलेली. “शेठला तुमचं दुखणं कळलं. पिंप पाठवलंय, थंडगार पाण्याचं!”

हिराजीनं पिंपावर हात ठेवला. गार लागलं.

“उचल,” तो म्हणाला. “मिठागरावर नेऊन ठेवू. तिथल्यांना अजून पाणी चालतं.”