चौथं वळण

चौथ्या वळणावर अस्मिताची गाडी पुन्हा गरकन फिरली आणि मातीत जाऊन रुतली. नमिताने वरणाखालचा गॅस बंद केला आणि बाहेरच्या खोलीत आली.

“पुरे आता. जेवून घे.”

“एकच राउंड. शेवटचा.”

जेवणाच्या टेबलाला घट्ट आवळलेलं स्टिअरिंग, समोर टीव्ही, खाली पेडल. पेडल मागे सरकू नयेत म्हणून भिंतीशी तांदळाचा डबा टेकवलेला. ऐरोलीच्या त्या घरात हल्ली दोघी मांडीवर ताट घेऊनच जेवत होत्या.

गेम खोटा असला तरी त्यातला ट्रॅक खरा होता. दक्षिणेतल्या एका ट्रॅकची कुणीतरी मोजूनमापून केलेली हुबेहूब नक्कल. त्याच ट्रॅकवर हौशी चालकांच्या शर्यतीत अस्मिता उतरणार होती. तिथे सरावाला फारच थोडा वेळ मिळणार होता, म्हणून ती घरीच प्रत्येक वळण घोकून पाठ करत होती.

नमिताने विरोध करून पाहिला होता.

“हे वय आहे का गाड्या उडवायचं?”

“वयाचं मी विचारलंय. चालतं त्यांना.”

“मला नाही चालत.”

अस्मिता हसून पुन्हा स्टिअरिंगकडे वळली होती.

ऑफिसात डबा खाताना नमिताने संघप्रियाकडे मन मोकळं केलं. संघप्रिया म्हणाली, “या वयात शिरतं गं असं काहीतरी डोक्यात. अडवलंस तर जास्त हट्टाला पेटेल. तरी एकदा सरळ नाही म्हणून बघितलंस का?”

“ऐकते कुठे ती माझं.”

नमिताची भीती उगाच नव्हती. घरातला पुरुष माणूस पाम बीच रोडवरच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून दोघी एकमेकींपुरत्या उरल्या होत्या. त्यानंतर नमिता गाडीत बसली की डोळे मिटून घ्यायची. अस्मिताने मात्र उलटंच केलं. गाडी शिकली, मग वेगात चालवायला शिकली, शिबिरं करून शर्यतीचा परवानाही मिळवला. “भीती घालवायची तर स्टिअरिंग आपल्या हातात पाहिजे,” असं तिचं म्हणणं.

पुढे पुढे नमिता संध्याकाळी तिच्या शेजारी भाजी निवडत बसू लागली. एकटं सोडवत नव्हतं, एवढंच. चौथं वळण उतारावर होतं आणि पलीकडचं काही दिसायचं नाही. कडेला कडुलिंबाचं मोठं झाड. झाड आलं की ब्रेक, ही खूण अस्मिताने पक्की केली. मग गाडी मातीत जायची थांबली.

प्रत्यक्ष ट्रॅकवर पोचल्या तेव्हा ते झाड तिथे नव्हतं.

मागच्या वर्षी तोडलं, असं तिथल्या माणसाने सांगितलं. उतारही टीव्हीवर दिसायचा त्याहून बराच जास्त होता. सरावात अस्मिता त्या वळणावर मातीत गेली. पुन्हा गेली. मग गाडी आत आणून ती टायरांच्या चळतीवर बसून राहिली. हातमोजे काढून मांडीवर ठेवलेले.

“कळतच नाहीये कुठे ब्रेक मारायचा ते,” ती म्हणाली. “जाऊ दे. मी नाही उतरत.”

नमिताला हेच तर हवं होतं. यासाठीच तिने देवाला नारळ बोलला होता. ‘चल, घरी जाऊ’ हे शब्द अगदी ओठांवर आले. पण अस्मिता खाली मान घालून हातमोज्याचा शिवलेला धागा नखाने उसवत होती, आणि ते नमिताला पाहवेना.

“झाड सोड,” ती म्हणाली. “झाडाच्या आधी ती तिथली पाण्याची टाकी प्रेक्षकांच्या स्टँडमागे लपते. टाकी दिसेनाशी झाली की ब्रेक मार.”

अस्मिताने मान वर केली. “तुला काय माहीत?”

“रोज बघत होते ना.”

“मी एवढ्या फेऱ्या मारल्या, मला नाही दिसली ती टाकी.”

“तू रस्ता बघायचीस. मला रस्त्याकडे बघवायचं नाही, म्हणून मी आजूबाजूचं बघायचे.”

 अस्मिता हातमोजे चढवू लागली.

“गोळी घेतलीस?” नमिताने विचारलं.

“घेतली.”

“पाणी पी थोडं.”

“प्यायले गं. टेन्शन नको घेऊ.”

शर्यत सुरू झाली तेव्हा नमिता चौथ्या वळणासमोरच्या कठड्याशी जाऊन उभी राहिली. आज डोळे मिटायचे नाहीत, असं तिने ठरवलं होतं. पहिल्या काही फेऱ्यांत अस्मिताची निळी गाडी उतारावरून आली, ऐन वेळी ब्रेक लागून दबली आणि वळून गेली. नमिता दर वेळी श्वास सोडायची.

मग पुढची एक लाल गाडी उतारावर गरगरली. धुळीचा लोट उठला. मागून येणारी निळी गाडी त्या लोटात शिरली आणि दिसेनाशी झाली. टायर किंचाळल्याचा आवाज आला. लोक उठून उभे राहिले. नमिताने कठडा धरला. जगात तिचं म्हणावं असं एकच माणूस होतं, आणि ते त्या धुळीत होतं.

धुळीच्या पलीकडून निळी गाडी बाहेर आली. सरळ. तिला साधा ओरखडाही नव्हता. लाल गाडीतला मुलगाही दार उघडून स्वतःच्या पायांनी चालत निघाला.

शर्यत संपली. अस्मिताचा नंबर बराच मागे होता आणि त्याची कुणाला पर्वा नव्हती.  नमिता कठड्याला पाठ टेकून खाली बसली. किती वर्षांनी छाती अशी हलकी झाली होती. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

अस्मिता हेल्मेट काखेत धरून आली आणि तिच्या शेजारी जमिनीवरच टेकली.

“पूस डोळे,” ती म्हणाली. “तुला पहिल्यांदा बालवाडीत सोडलं ना, तेव्हा शाळा सुटेपर्यंत मीसुद्धा गेटबाहेर अशीच बसून होते.”