तात्यांचा हातगुण

"एकही इंटरफेस सापडला नाही."

पडद्यावर पुन्हा तीच ओळ उमटली आणि तात्या हसले. खोडकर नातवाकडे बघून हसावं तसे.

इस्पितळाच्या तळघरातल्या त्या थंडगार खोलीत निवृत्तीला आलेले तात्या आणि त्यांच्या जागी नेमलेल्या मॅडम, अशी दोघंच होती. समोरच्या सर्व्हरचं काम एकच, यंत्राच्या नावावरून त्याचा नेटवर्कवरचा पत्ता सांगायचा. पण जनरेटरची चाचणी झाली, वीज जाऊन आली, की तो उठायचा आणि खुशाल म्हणायचा, मला नेटवर्कचं कार्डच दिसत नाही. कार्डं दोन, दोन्ही धडधाकट. तरी वर प्रयोगशाळेचा रिपोर्ट वॉर्डात पोचायचा नाही. सगळी यंत्रं जागच्या जागी, पण कुणाला कुणाचा पत्ता नाही, अशी गत. आज दुपारपुरता एक सर्व्हर उसना आणून काम भागवलं होतं. संध्याकाळी तो परत द्यायचा होता.

"बघा हं," म्हणत तात्यांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि पत्ते सांगणारी सेवा बंद करून पुन्हा सुरू केली. दोन्ही कार्डं लगेच सापडली. "हातगुण लागतो, मॅडम. साऱ्या इस्पितळाला विचारा."

"आणि उद्या तुम्ही लेकीकडे गेलात, की तुमचा हात कुरिअरने मागवू?"

तात्यांचं हसू जरा आवरलं. लेकीला नववा लागला होता. मागच्या खेपेला तिच्याकडे जायला निघाले आणि वाटेत इस्पितळाचा फोन आला म्हणून अर्ध्यातून परतले. "पुन्हा अर्ध्यातून फिरायचं असेल तर येऊच नका बाबा," ती म्हणाली होती. त्यानंतर तिचा फोन नाही.

त्यांनी खिशातून मोबाइल काढून तिचा नंबर लावला. दोनदा वाजला. तात्यांनी बंद केला.

"उचलत नाही. राग आहे अजून."

मॅडमनी कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला. "आता मी याची वीज काढून पुन्हा लावते. तुम्ही हात लावायचा नाही. हात मागे बांधा बघू."

"शाळेत उभं करतात तसं?"

"तस्संच."

तात्या हात मागे बांधून उभे राहिले. आजवर वीज गेली की ते घरून निघायचे, चालत यायचे, आणि येईपर्यंत यंत्र उठून बसलेलं असायचं; उरायचं ते फक्त सेवा पुन्हा सुरू करणं. हे यंत्र झोपेतून उठताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. हात रिकामे, त्यामुळे डोळ्यांना तेवढंच काम उरलं.

पंखे घुमले. पडद्यावर ओळी धावल्या. एकही इंटरफेस सापडला नाही. आणि त्यानंतर, अगदी सावकाश, पहिल्या कार्डाचा हिरवा दिवा लागला. मग दुसऱ्याचा.

"अरे, उतावळा नवरा!" तात्या ओरडलेच. "मॅडम, हा कार्डांच्या आधी उठतो. डोळे चोळत एकदा इकडेतिकडे बघतो, कुणी नाही म्हणतो, आणि पुन्हा म्हणून वळून बघत नाही!"

मॅडमनी दिव्यांकडे पाहिलं, मग तात्यांकडे. "आणि तुमचा हातगुण?"

"कसला हातगुण घेऊन बसलात! मी घरून रमतगमत यायचो, तोवर कार्डं जागी व्हायची. गुण असलाच तर तो माझ्या चपलांचा."

मॅडम खळखळून हसल्या. तात्यांनी खुर्ची ओढली, चष्मा सारखा केला आणि सेवा सुरू होण्याच्या नियमांत एक ओळ घातली. कार्डं जागी झाल्याशिवाय उठायचं नाही. मग स्वतःहून उठले आणि हात मागे बांधले.

"काढा वीज."

पंखे घुमले. या वेळी पडदा गप्पच राहिला. एक हिरवा दिवा लागला. तात्यांची मागची बोटं एकमेकांत रुतली. दुसरा दिवा लागला. मग ओळ आली, दोन इंटरफेस सापडले.

मॅडमनी आणखी दोनदा वीज काढून पाहिली. दोन्ही वेळा तो आपला आपण उठला. मग त्यांनी उसना सर्व्हर बाजूला केला आणि प्रयोगशाळेत फोन लावला. "रिपोर्ट जाताहेत? बरं." फोन ठेवून त्या वळल्या. "तात्या, आता तुम्ही नसलात तरी चालेल."

तात्यांना ते ऐकून फार बरं वाटलं. थोडं चुकल्याचुकल्यासारखंही वाटलं.

त्यांनी मोबाइल काढला. एकदा वाजला, दोनदा वाजला. अंगठा सवयीने लाल खुणेकडे गेला आणि वरच्यावर थांबला. समोर दोन हिरवे दिवे लुकलुकत होते. तिसऱ्यांदा वाजला. चौथ्यांदा. मॅडमनी प्रश्नार्थक पाहिलं, तर तात्यांनी हातानेच त्यांना 'दम धरा' म्हटलं. फोन वाजतच राहिला.

"बाबा?" लेकीला धाप लागली होती. "ठेवू नका हं! दर वेळी मी पोचायच्या आत ठेवून देता. म्हटलं, जाऊ दे, मीही नाही करत परत. उठायलाच किती वेळ लागतो मला आताशा..."

"थांबलोय," तात्या म्हणाले. "तू बस आधी नीट."