हलका हात

आई गेल्यानंतर चाळीस दिवसांनी बतूल मायलेकींच्या नेहमीच्या, फेझ शहरातल्या हमामखान्यात आली. इतकी वर्षं तिची पाठ आईच घासायची, कातडं निघेल इतक्या जोरात. आज अंग चोळायला रहमा नावाची नवीन म्हातारी होती. "कुणाची गं तू?" एवढं विचारून, आईचं नाव ऐकून तिनं काळा साबण लावला. आधी उजवं अंग, मग डावं, असं तीनतीनदा धुतलं. हात मात्र अगदी हलका.

"जोर लाव की मावशी," बतूल वैतागली. "अशानं मळ निघतो होय? मी काय मेलेय का?"

रहमाचा हात थांबला.



"चुकलं पोरी. दफनाआधी तुझ्या आईलाही मी असंच धुतलं. ती काही बोलली नाही."