व्यालेलं भांडवल

गेनबाने गल्ल्यावर खरवसाचा डबा ठेवला. "म्हैस व्याली! पारडी झाली."

शिदूने मोठा तुकडा तोंडात टाकला. चहाचं हॉटेल काढताना त्याने रोकड घातली होती आणि भागीदार गेनबाने म्हैस. नफा निम्मा-निम्मा ठरला होता.

"आता माझा वाटा वाढवायचा," गेनबा म्हणाला. "माझं भांडवल दुप्पट झालं. तुझी रोकड व्याली का वर्षभरात?"

शिदूने हातातला दुसरा तुकडा परत डब्यात ठेवला.

त्याची बायको अनसा चहा गाळत होती. मान वर न करता ती म्हणाली, "भावजी, म्हैस माझ्या माहेरी नेली होती ना तुम्ही? रेडा माझ्या भावाचा. घरचाच म्हणून त्याचे पैसेही दिले नाहीत. ते आमचं भांडवल धरा."



अनसाने डबा उचलला. "निम्मा खरवस माहेरी पाठवते."