संगिनीवरचं रक्त

संगीन लढली असल्याचा दाखला मिळाला, की गावच्या कमानीवर पणजोबांचं नाव लागणार आणि खाली बारीक अक्षरांत आपलंही, असा हैबतराव शितोळ्यांचा हिशेब होता. पहिल्या महायुद्धात पणजोबांनी हिनंच सात शत्रू लोळवले, असं घरात सगळेच सांगत.

तपासनीस सुमतीबाईंनी संगीन यंत्रात ठेवली. पातं कशाकशात घुसलं, ते यंत्र पोलादातून तारखेनिशी वाचून काढी.

“संगीन अस्सल आहे, राव. बिस्किटांचे तीनशे चार डबे फोडलेत हिनं.”

“आणि रक्त?”

“आहे की! एकाच माणसाचं.” बाईंनी हैबतरावांच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे पाहिलं. “परवा संध्याकाळचं.”

कमान राहिली बाजूला. शंभराहून अधिक वर्षांत त्या संगिनीपायी रक्त सांडलं, ते एकट्या हैबतरावांचंच.