बुटबैंगण

"खरं सांगा, गुडघा गेला की राहिला?" हिशेबनीस बाईंनी विचारलं. आवाजात काळजी होती. कुणाची, ते मात्र कळत नव्हतं.

"मलाच माहीत नाही हो बाई," फोनवाला म्हणाला. "तो फोनच उचलत नाहीये."

"सख्खा भाऊ, आणि म्हणे माहीत नाही!" बाई मिस्त्रीकडे बघून म्हणाल्या. "आपल्या टीमपुरती खबर दाबून ठेवलीय, दुसरं काय?"

लिफ्टदुरुस्तीच्या त्या ऑफिसात फोनवाल्याचं काम एकच. लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे फोन घ्यायचे आणि शांत आवाजात सांगायचं, "घाबरू नका, दार ओढू नका. माणूस निघालाय." कधी माणूस खरंच निघालेला असे, कधी समोरच चहा पीत असे. पण त्या वाक्यानं अडकलेल्याच्या जिवात जीव येई. त्याचा धाकटा भाऊ मात्र बास्केटबॉलमधला मोठा तारा. ताडमाड उंच, लांब मानेचा. अख्खं स्टेडियम त्याला जिराफ म्हणे.

ऑफिसची फँटसी लीग त्या जिराफाच्याच जिवावर चाले. खऱ्या सामन्यांतले पाच खेळाडू मोबाईलवर आपल्या टीममध्ये घ्यायचे. घाम त्यांनी गाळायचा, गुण आपण मोजायचे. जिराफ सगळ्यांच्याच टीममध्ये. अट एवढीच, की टीमच्या नावाला जिराफाचा वास आला पाहिजे. बाईंची टीम 'मानेचा पट्टा', कारण तो त्यांना स्वतःलाच लागला होता. मिस्त्रीची 'पंखा जपून'. साहेबांची 'शिडी कुणी नेली?' फोनवाल्यानं आपल्या टीमला 'जिराफाचा भाऊ' एवढंच नाव दिलं, तेव्हा मिस्त्री म्हणाला, "घरातली उंची धाकट्याकडे गेली हे माहीत होतं. डोकंही तिकडेच गेलं, हे आज कळलं."

आणि एक टीम होती 'बुटबैंगण'. ती कुणाची, कुणालाच पत्ता नव्हता. जिराफांच्या लीगमध्ये बुटबैंगण कशाला, म्हणून साहेब ती काढायलाच निघाले होते. फोनवाल्यानं गयावया करून ती ठेवायला लावली. धाकटा शाळेत इतका बुटका होता, की रांगेत कायम पहिला उभा असे. ते नाव थोरल्यानंच त्याला ठेवलं होतं, आणि घराबाहेर ते कुणी ऐकलेलं नव्हतं. लीगची लिंक फोनवाल्यानं घरच्या ग्रुपवर टाकली होती. म्हणजे ही आईच. आई लपूनछपून खेळतेय तर खेळू दे, तिची गंमत कशाला मोडा, म्हणून त्यानं कधी विचारलंही नाही. त्या टीमचा कप्तान पहिल्या दिवसापासून जिराफ. आईशिवाय कोण करणार असं?

काल सामन्यात जिराफ उडी मारून खाली आला, तो गुडघा धरून पडला आणि उठलाच नाही. स्ट्रेचरवरून न्यावा लागला. क्लबनं सांगितलं, दुखापत किरकोळ आहे, तपासण्या चालू आहेत. आज संध्याकाळी लीगमधले बदल बंद होणार होते, आणि नियम असा की एकदा काढलेला खेळाडू पुन्हा घेता येत नाही. काढावा तर पस्तावा, ठेवावा तर भोपळा. म्हणून सगळं ऑफिस फोनवाल्याच्या टीमवर डोळा ठेवून बसलं होतं. यानं काढला की आपण काढायचा.

साहेब पुन्हा डोकावले. "ठेवलाय ना अजून?"

"ठेवलाय, साहेब."

"मग ठीक असणार. रक्ताच्या नात्याला आतून कळतं."

त्याला सांगायचं होतं, साहेब, कळलंय म्हणून नाही ठेवला, काढायला हात धजत नाही म्हणून ठेवलाय. पण तेवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत एक आजोबा अडकले होते. "घाबरू नका आजोबा, दार ओढू नका. माणूस निघालाय." फोन ठेवून त्यानं भावाचा नंबर पुन्हा लावला. वाजून वाजून बंद झाला.

ऑफिस सुटायच्या जरा आधी मिस्त्री ओरडला, "काढला! बुटबैंगणनं काढला!"

सगळ्यांच्या मोबाईलवर एकच ओळ होती. 'बुटबैंगण: जिराफ बाहेर.'

"हे जे कोण आहे ना," बाई हळूच म्हणाल्या, "त्याला आतली खबर आहे."

मग काय, पहिल्या मेंढरानं उडी मारली की कळप थांबतो होय? बाईंनी काढला, मिस्त्रीनं काढला, रक्ताच्या नात्याची ग्वाही देणाऱ्या साहेबांनीही काढला. त्याच्या जागी सगळ्यांनी जो खेळाडू घेतला, त्याला लोक घार म्हणत. 'मानेचा पट्टा'ची 'घारीची नजर' झाली. मिस्त्रीनं मात्र 'पंखा जपून' तसंच ठेवलं. उडणाऱ्यालाही ते लागू पडतं, म्हणाला.

फोनवाल्याला राग आला तो आईचा. जग काढेल, जगाला काय. आई कशी काढते? त्यानं घरी फोन लावला.

"आई, तू त्याला काढलंस?"

"कुणाला रे? कशातनं?"

"टीममधनं. तुझी ती बुटबैंगण."

"माझी कुठली? मला अजून धड फोटो पाठवता येत नाही." एवढ्या काळजीतही आईला हसू आलं. "त्याचीच आहे ती. दादाला सांगू नकोस, त्याची गंमत करतोय, म्हणाला होता. आणि सगळ्यांत आधी स्वतःलाच कप्तान केलं म्हणे. लबाड!" ती थांबली. "का रे? त्याचा फोन लागला का तुला? बरा आहे ना तो?"

मोबाईलवर ती ओळ अजून तशीच होती. एकदा काढलेला खेळाडू पुन्हा घेता येत नाही, हे धाकट्यालाही ठाऊक होतं.

"घाबरू नकोस, आई," तो रोजच्या शांत आवाजात म्हणाला. पुढचं रोजचं वाक्य मात्र तोंडातून निघेना.