गेटसमोरचा टेलिफोन बूथ

अर्थशास्त्राच्या मॅडम ज्या कॉलेजात शिकल्या, तिथेच शिकवायला लागल्या. प्रोजेक्टचा विषयही त्यांनी पोरांना आपल्या वेळचाच दिला: ‘कॉलेजमुळे आजूबाजूच्या दुकानदारांचा धंदा कसा वाढतो?’ वर बजावलं, “घरी बसून लिहायचं नाही. दुकानादुकानात जा, माणसांशी बोला.”

बेचाळीस प्रोजेक्ट आले. बेचाळीसच्या बेचाळीस जणांनी लिहिलं होतं, ‘गेटसमोरच्या टेलिफोन बूथवर विद्यार्थ्यांची सतत रांग असते.’

तो बूथ बंद पडून पंधरा वर्षं झाली होती. मॅडमचं डोकं सटकलं. त्या तडक समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात शिरल्या.

“काका, हा तयार प्रोजेक्ट पोरांना कोण देतं?”

“मीच की,” स्टेपलर मारता मारता काका म्हणाले.

“आणि वर तोंड करून सांगताय?”

“विषय काय आहे मॅडम? कॉलेजमुळे दुकानदाराचं कसं चालतं. माझं हे असं चालतं.”

“अहो, पण त्या बूथचा आता मागमूस तरी आहे का? तुमचं सोडा, पण एकाही गाढवाला स्वतःचं नाव घालण्याआधी आत काय लिहिलंय ते वाचावंसं वाटलं नाही?”

काकांनी हातातलं स्टेपलर खाली ठेवलं, चष्मा नाकावर ओढला आणि मॅडमकडे नीट निरखून पाहिलं.

 

“तुमच्या वर्षीही हाच दिला होता, मॅडम. तुम्हीपण वाचला नव्हता वाटतं?”